कडू घास

रविवारी लेक दिव्या गाडी घेऊन येणार होती आणि आईला, सुमनला, राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका संस्थेत नेऊन ठेवणार होती. त्याआधी सुमननं एकदा आपल्याला ओळखावं, आपल्या हातचा घास खावा, एवढंच भैरूला हवं होतं.

पोरीचं चुकत नव्हतं. जुन्या गोधडीचे टाके सुटावेत तशी सुमनच्या डोक्यातली वर्षं सुटत चालली होती. आधी काळेवाडीतलं लेकीचं घर गेलं, मग नातवंडांची नावं, आणि दिवाळीपासून नवराच गेला. तिच्या आठवणीतला भैरू काळ्याभोर मिशीचा, पलटणीतला. हा चष्म्यातला पिकला माणूस संध्याकाळी चाकणहून कंपनीच्या बसनं दिघीत उतरून दारात आला, की ती कडी घालायची. "मालक लढाईवर हायेत. बाईमानूस एकटी हाय घरात," असं आतून सांगायची. शेजारच्या केसरबाईंनी समजूत काढली की दार उघडायचं, पण त्याच्या हातचं ताट ती पालथ्या हातानं सरकवायची. केसरबाई भरवायच्या तेवढंच पोटात जायचं. आणि केसरबाई तर पुढच्या आठवड्यात मुलाकडे नागपूरला निघाल्या होत्या, कायमच्या.

"पप्पा, तुम्ही तिला सांभाळाल हो," दिव्या फोनवर म्हणाली होती. "पण ती तुम्हाला सांभाळू देत नाही, त्याचं काय करायचं?"

फौजेतून सुटल्यावर भैरूनं टपालानं बी.कॉम. केलं आणि चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सचं टेबल धरलं. ताळा जुळेपर्यंत न उठणारा माणूस. ऑफिसातली पोरं म्हणायची, भैरूभाऊ, उद्या बघा की राव, तरी हा खुर्चीतच. पण घरचा हा फरक कुठं शोधायचा ते त्याला कळेना. उभ्या संसारात काही राहून गेलं नव्हतं, आणि तरी जुळत नव्हतं.

शनिवारी ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसल्या बसल्या त्याला ते आठवलं. कारगिलहून तो सुट्टीवर गावी आला होता, अंगावर वर्दी. सुमननं त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. भाकरतुकडा आणि पाणी आणलं, डोक्यापासून पायापर्यंत ओवाळून लांब टाकलं, आणि वर्दीच्या बटनाला बोट लावून म्हणाली होती, "हेच का तुमी?" तोंडाकडं तिनं नंतर बघितलं. आधी वर्दी ओळखली होती.

अर्धी रजा टाकून तो निघाला.

ट्रंकेतली वर्दी त्यानं केसरबाईंच्या घरात चढवली. मिशीला काळी मेंदी लावली, छातीवर पदक टाचलं. पोट काही बटनाला जुमानेना. केसरबाई म्हणाल्या, "भाऊजी, श्वास सोडू नका, नाहीतर बटन उडून माझा डोळा जायचा." दोघंही हसली. कितीतरी दिवसांनी.

सकाळपासून मिलिटरीच्या हद्दीत फायरिंगचा सराव चालू होता. असे बार ऐकू आले की सुमन खिडकीला चिकटून बसायची आणि स्वतःशीच गायची,

वाट बघता बघता, माझा उंबरा झिजला
राया माझा गं जवान, किती बर्फात भिजला.

तेच बाहेरून ऐकत त्यानं दार वाजवलं.

गाणं थांबलं. कडी निघाली. सुमननं बुटांपासून टोपीपर्यंत त्याला बघितलं आणि आत वळली. भाकरी आणायला गेली, त्याला वाटलं. तो उंबऱ्याबाहेर ताठ उभा राहिला, ओवाळून घ्यायला.

ती रिकाम्या हातांनी परत आली. कपाळावरचं कुंकू पुसलेलं, त्याचा लाल ओघळ भुवईपर्यंत आलेला.

"कवा?" तिनं विचारलं.

तेव्हा कुठं त्याला दुसरी गोष्ट आठवली. लढाई चालू असताना कुणीतरी गेल्याची खबर घेऊन गावात फौजेची जीप आली होती. ज्यांचे ज्यांचे नवरे लढाईवर होते त्या बाया दाराआड उभ्या होत्या. जीप गावातल्याच दुसऱ्या जवानाच्या, ज्ञानदेवच्या घराकडं वळली. "पण वळंपतूर मी रांडच झाले हुते," असं सुमननं त्याला कधीतरी सांगितलं होतं, आणि त्यानं हसण्यावारी नेलं होतं. ती अजून त्या दाराआडच उभी होती. तो घरी आलेला दिवस तिच्यापाशी उरलाच नव्हता.

"सुमन, अगं मीच…"

"नाव नगा घेऊ माझं. कवा, ते सांगा."

"मी भैरू आहे गं."

तिनं मान हलवली. "व्हय. भैरू. त्येंचंच घर हे."

आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. ना हंबरडा, ना हुंदका. केसरबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या. त्यानं टोपी काढली, चष्मा लावला, लग्नातला फोटो पुढं धरला, गळ्यावरचा जुन्या जखमेचा व्रण दाखवला. सुमननं फोटोवरून बोट फिरवलं आणि तो पालथा ठेवला.

ऊन उतरलं. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून सुमन स्वयंपाकघराकडं फिरकली नाही. अशा घरात कडू घास बाहेरून येतो, भरवायचाही बाहेरच्यानं. मग भैरू उठून केसरबाईंच्या ओट्याशी गेला, पिठलं ढवळलं, भाकरी थापली आणि ताट घेऊन तिच्यापुढं मांडी घातली. घास पुढं केला.

तिनं तोंड उघडलं.

दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "तुमी हुता जवळ?"

"होतो."

"लई तरास झाला का त्येंला?"

पिठलं बोटांवर वाळत होतं. "लई नाही," भैरू म्हणाला. "तुमचंच नाव घेत होता."

ती चावत राहिली. अख्खी भाकरी संपली तेव्हा दिव्याचा फोन वाजला.

"उद्या गाडी आणू नकोस," तो म्हणाला. "जेवली ती. माझ्या हातनं."

"खरंच? ओळखलं तुम्हाला?"

त्यानं तिच्या कुंकू पुसलेल्या कपाळाकडं बघितलं. "जेवली," एवढंच पुन्हा म्हणाला.

फोन ठेवला, तेव्हा सुमन पदरानं तोंड पुसत होती. "भाऊ, उद्या बी याल का? त्येंचं आनखी सांगाया?"

"येतो," भैरू म्हणाला, आणि श्वास आत ओढून त्यानं वर्दीचं सुटलेलं बटन लावलं.