खिडकीकडच्या हातातला रंगारी

मी एक जुना रंगारी आहे. जुना म्हणजे कालचा. हसू नका, मित्रांनो. आमच्यात कालचा म्हणजे आजोबाच. माझं नाव टायरोसिनेज. मी एक विकर, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. राहतो एका बसड्रायव्हरच्या उजव्या हातात, खिडकीकडच्या.

जन्मलो तेव्हा मी नुसती अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ होतो. मग घड्या घालून मला आकार दिला. घडी चुकली की थेट मोडीत. माझ्या तीन भावांची तशीच वाट लागली. माझ्या पोटात एक खळगा आहे. त्यात तांब्याचे दोन अणू बसवले आणि प्रत्येकाला तीन-तीन मण्यांनी घट्ट धरलं. तांबं अडलं की मी कामातून गेलो.

टायरोसिन नावाचा कच्चा माल घ्यायचा, त्याला ऑक्सिजन जोडायचा आणि पुढे सरकवायचा, हे माझं काम. त्यातून मेलॅनिन हा काळपट रंग बनतो. शेजारच्या पेशी तो आपल्या जनुकांवर छत्रीसारखा धरतात, म्हणजे उन्हाने ती बिघडत नाहीत. लोकांना मात्र वाटतं, आम्ही उगाच भिंती रंगवत बसलोय.

ड्रायव्हरच्या मेहुण्यालाही तसंच वाटलं. घरच्या फोटोत एक हात काळा आणि एक उजळ पाहून तो म्हणाला, "भाऊजी, हा उजवा हात कुणाचा उसना आणलात?" ड्रायव्हरने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून महिनाभर तो रोज सकाळी फक्त उजव्या हाताला गोरेपणाचं मलम चोपडतोय. ही हकीकत मला थोरल्यांनी सांगितली, त्यांना त्यांच्या थोरल्यांनी.

आज सकाळी त्या मलमातला एक पाहुणा माझ्याही खळग्यात शिरला आणि तांब्याला मिठी मारून बसला. मी ठप्प! छत्र्या आधीच विरळ झालेल्या, आणि आमची स्वारी नेहमीसारखी खिडकीत कोपर टेकवून भर उन्हात निघाली. खरं सांगतो, मी घाबरलो. माझं काय, मी आज ना उद्या जाणारच. काळजी होती त्या जनुकांची.

संध्याकाळी हात लालबुंद झालेला बायकोने पाहिला.

"अहो, हे काय करून घेतलंत?"

"मलम लावलं गं. दोन्ही हात सारखे दिसावेत म्हणून."

"डबीवर लिहिलंय, लावून उन्हात जाऊ नका."

"मग बस काय घरात चालवू?"

तिने डबी कचऱ्यात टाकली आणि ओला रुमाल हातावर ठेवला. "लोकांचे नवरे एकाच रंगात येतात. माझा दोन रंगांत आलाय, मिरवू द्या मला. आणि उद्यापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला."

हळूहळू पाहुण्याने मिठी सोडली. मी लगेच कामाला लागलो.

मित्रांनो, माझे थोडेच तास उरलेत. उन्हात जाताना टोपी घाला, बाह्या खाली करा. सगळा भार आमच्यावर टाकू नका. आणि तुमच्या रंगावर कुणी हसलंच, तर त्याला सांगा, "आत कुणीतरी माझ्यासाठी छत्री धरून उभं आहे."