डावीकडे दाबलेली नखी

हिरे विकणाऱ्याकडे खरं असं एकच वाक्य असतं, आणि ते मी रोज बोलतो: "माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाहेरून तपासून घ्या." खडा अंगठीत बसवण्याआधी मी तो सुटाच गिऱ्हाइकाच्या हातात देतो, कारण एकदा बसवला की त्याची खालची बाजू झाकली जाते आणि मग पारखीसुद्धा अंदाजाने बोलतो. सोबत दोन-तीन पारख्यांचे पत्ते देतो. त्यांतला कुणी माझा मेहुणा नाही की साडू नाही. त्यांना हिरा विकायचा नसतो, घ्यायचाही नसतो. तपासायचा, आपली मजुरी घ्यायची आणि असेल ते सांगायचं. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. लोक मान डोलावतात आणि निम्मे जातच नाहीत. इतकं स्पष्ट बोलणारा माणूस लबाड कसा असेल, म्हणतात. लबाडाला याहून काय हवं असतं?

एका माणसाला मात्र मी हे वाक्य कधी ऐकवलं नाही. तो म्हणजे कुलूपवाला.

पलीकडच्या गल्लीत त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. आम्ही एका बाकावर शिकलो, एकाच वर्षी नापास झालो. माझ्या तिजोरीचं कुलूप त्यानेच बसवलेलं. त्याची जादा किल्ली त्याच्याकडे आहे का, हे मी आजवर विचारलेलं नाही. रोज दुपारी तो चहाला यायचा. काउंटरच्या आत, माझ्या शेजारी, त्याचं एक डुगडुगणारं स्टूल आहे. त्याच्याखेरीज त्यावर कुणी बसत नाही, बसला तर पडतो.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तो म्हणाला, "पोरीला हिऱ्याची अंगठी द्यायचीय. तूच बघ काय ते." मी एक छान खडा काढला. कडेला टाचणीच्या टोकाएवढा डाग आहे, भिंगाशिवाय दिसणार नाही, हे त्याला सांगितलं. तपासून घे, हे सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय पत्ते द्यायचे! तो म्हणेल, शेवटी मलाही गिऱ्हाईकच केलंस ना? आणि त्याला वाटलं, आपण तपासायचं नाव काढलं तर हा म्हणेल, माझ्यावर संशय घेतोस? अशी आमची अळीमिळी गुपचिळी. मी खडा बसवला, अंगठी दिली, मिठी मारली.

दुसऱ्याच आठवड्यात त्याचं चहाला येणं बंद झालं. आधी वाटलं, लग्नाची धावपळ असेल. एकदा रस्त्यात समोरून आला आणि मला बघून औषधाच्या दुकानात शिरला. या माणसाने उभ्या जन्मात साधी डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही. मी घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "जाऊन विचारा ना एकदा." मी म्हटलं, "मला नाही कुणाच्या दारात उभं राहायचं." खरं तर पाय उचलत नव्हता. या वयात जुना मित्र गेला, तर नवा आणायचा कुठून?

मग मुलगीच अंगठी घेऊन आली. "काका, जरा सैल होतेय."

ती समोर बसली. मी भिंग डोळ्याला लावलं आणि हात थांबला. हिऱ्याला चार बाजूंनी धरणाऱ्या नख्या मी सरळ खाली दाबतो. त्यांतली एक डावीकडे झुकली होती. हा हात मी ओळखतो. मी ज्यांचे पत्ते देतो, त्यांतली एक पारखी बाई खडा काढून तपासते आणि परत बसवताना शेवटची नखी अशीच दाबते. तिच्याकडे जाऊन आलेले कितीतरी दागिने या डोळ्यांखालून गेलेत.

खडा माझाच होता. कडेचा डागही तिथेच होता. म्हणजे बाईने त्याला मी सांगितलं तेच सांगितलं असणार. माझ्या कानशिलाला चटका बसावा तसं झालं. खोटा निघाला असता, तर तो भांडायला तरी आला असता. खरा निघाला, म्हणून तोंड चुकवत होता.

मुलीला म्हटलं, "अंगठी ठेवून जा. बापाला म्हणावं, स्वतः येऊन ने."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी तो आला. आत वळला नाही. बाहेरच्या, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मला इतका थकवा आला की शिवीसुद्धा सुचेना. मी अंगठी त्याच्यापुढे ठेवली. चारही नख्या मी सरळ करून ठेवल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या. बोट फिरवून पाहिलं. कुलपांत जन्म गेलेल्या माणसाला कुणी काय उघडून बंद केलंय ते कळतं.

"व्याही सारखे विचारत होते, हिरा खरा ना म्हणून," तो अंगठीकडे बघत एवढंच म्हणाला. चहा आला, निवला.

तेवढ्यात एक तरुण जोडपं आत आलं. मुलगी कपाटातल्या हिऱ्यांकडे बघत राहिली. मुलाने मला विचारलं, "खात्रीचा असतो ना माल?"

माझं वाक्य ओठांवर यायला हवं होतं. आलं नाही. कुणी कुणाला काय तपासून घ्या म्हणायचं, असं वाटलं. मी नुसताच भिंग पुसत बसलो.

"बाहेरून तपासून घ्या," खुर्चीवरून आवाज आला. कुलूपवाला त्या मुलाकडे बघून बोलत होता, पण कान लाल झाले होते. "मीही घेतला. यांनी सांगितलं तसाच निघाला, तंतोतंत. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका. यांना सांगून जा. मी चोरून गेलो. गाढव आहे मी."

मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

"यांचं ऐका," मी म्हटलं. "आणि मी तपासून घ्या म्हणालो नाही, तर मला आठवण करून द्या. कधी कधी मी सांगत नाही."

मुलीने एक खडा निवडला. अनामत घेऊन मी तो सुटाच, पत्त्यांच्या कागदासकट, त्यांच्या हातात दिला. ते गेले. कुलूपवाला अजून तिथेच बसून होता.

"कुणाच्या खुर्चीवर बसलायस?" मी म्हटलं. "ती गिऱ्हाइकाची आहे."

तो उठला, वळसा घालून आत आला आणि स्टुलावर बसला. स्टूल डुगडुगलं. त्याने माझा हात धरून तोल सावरला आणि मग तो हात सोडलाच नाही.