वेलबुट्टीवरून गेलेला पाइप

"प्रेमाताई, आता हात लावन बगा. चटको बसता काय?"

तुळशीदास प्लंबरने बाथरूमच्या भिंतीवरच्या नव्या पाइपावर फोमची काळी नळी चढवली होती. प्रेमाने बोटं टेकवली. चटका बसत नव्हता. जुलैचं ऊन, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नुसतं उकळत होतं, म्हणून फोम हवाच असं तिनेच हट्ट धरून करवून घेतलं होतं. तरी तिची नजर टाइलवरच्या उठावाच्या पट्टीवरून हलेना.

"चटक्याचं राहू द्या हो. पाइप नेमका वेलबुट्टीच्या पट्टीवरनंच का नेलात?"

"मगे खयसून नेतलंय? टाइल फोडूक नको म्हणान तुमच्या सायबान सांगल्यान. क्लिपांचे स्क्रू सांध्यात मारूचे लागतत, टायलीत मारलंय तर तडकतली. पट्टीचो सांधो सरळ. बगा तरी, कसो सुतात गेलो तो."

सुतात गेला होता, खोटं कशाला बोला. भिंतीच्या आतला जुना नळ गळून खालच्या दिवाणखान्याचं छत ओलं झालं. टाइल फोडायच्या तर धुरळ्याने मामांना दमा उसळणार. मग नवा शॉवर आणि त्याचा पाइप भिंतीवरून, एवढाच मार्ग उरला होता. पण त्या वेलबुट्टीची गोष्ट प्लंबरला कोण सांगणार?

मामा म्हणजे कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या या घरातली म्हातारी मालकीण. कामाची सगळी माणसं तिला मामा, म्हणजे इथल्या बोलीत आई, म्हणत. चिपळूणहून आलेल्या प्रेमाला बाईमाणसाला मामा म्हणताना सुरुवातीला हसू फुटायचं. आता गावाकडच्या सख्ख्या मामाचं नाव निघालं तरी हिचाच चेहरा पुढे येई. मामांची नजर पार गेली होती. खाणं, औषध, वेणीफणी, सगळं प्रेमाच्या हातून. फक्त अंघोळ त्या एकट्या करत. दारापासून उठावाच्या वेलबुट्टीवर बोटं फिरवत जायचं. वेल संपून मोठं फूल लागलं की नळ. प्रेमा बाहेर दाराशी उभी.

मुलगा नासर मागे लागला होता, आता प्रेमाला आत घे. मामा म्हणाल्या, "मला दुसऱ्याने अंघोळ घालायची ती मेल्यावर. तोवर दार बंद." नासर गप्प बसला, पण एका अटीवर. एकदा जरी अडलं, तरी दुसऱ्या दिवसापासून प्रेमा आत.

आणि आज ते फूलच फोमखाली गेलं होतं. दारापासून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत नुसती एकसारखी नळी.

"वरून, छताजवळून न्या ना," प्रेमा काकुळतीला आली.

"वरसून नेऊचो तर पायप कमी पडतलो. राईच्या बाजारात जावन हाडूक होयो, नि आज शुक्रवार. सांजेपर्यंत दुकानां बंद."

तेवढ्यात नासर दारात आला. जेवायला बहिणी यायच्या होत्या, त्याला घाई. "खलास?"

"खलास, बाबा," तुळशीदास बोलून गेला. प्रेमाला त्याचा असा राग आला की हातातला टॉवेल त्याच्या अंगावर फेकावासा वाटला.

मामा आल्या. प्रेमाने त्यांच्या कानाशी सांगितलं, "मामा, भिंतीवर पाइप आलाय. सावकाश जा."

"घर माझं आहे की तुझं?" मामा म्हणाल्या. आत गेल्या, कडी लावली.

प्रेमाने दाराला कान लावला. तुळशीदास हत्यारं भरता भरता थांबला. आत सपाता सरकल्या. फोमवरून हात घासत जाण्याचा आवाज आला, थांबला, मागे वळला. पुन्हा पुढे. मग काहीच नाही. शाम्पूची बाटली पडली, गडगडत गेली.

सोडा हो पाणी, प्रेमा मनात म्हणत होती. मामा, पाणी सोडा.

"काय झालं?" नासर बोळातून जवळ आला.

"काही नाही, बाबा. साबण घेतायत."

पाणी सुटेना. तुळशीदासचा चेहरा पडला. "ताई, हो पायप काढतंय मी," तो कुजबुजला. "सांजेक दुसरो हाडून वरसून नेतंय. पैसे नको माका."

कडी वाजली. दार बोटभर उघडलं.

"प्रेमा. तआली."

ये म्हणून बोलावलं होतं, तेही अगदी सपाट आवाजात. या दारातून ती हाक आजवर कधी आली नव्हती. नासरने ती ऐकली होती.

"बस झालं," तो म्हणाला. "आता रोज तूच." आवाजात राग नव्हता. तो मान खाली घालून निघून गेला.

प्रेमा आत गेली. मामा नळ ओलांडून पार पलीकडच्या कोपऱ्यात, बेसिनला टेकून उभ्या होत्या. अंगावर पूर्ण कपडे, डोक्यावरची ओढणी सरकलेली, एक हात पाइपावर घट्ट. प्रेमाने ओढणी सारखी केली. मग मामांच्या गळ्याच्या गुंडीला हात घातला, तसं मामांनी तिचं मनगट धरलं.

"लाईट," त्या म्हणाल्या.

"चालू आहे, मामा."

"बंद कर."

न दिसणाऱ्या बाईला लाईट चालू काय नि बंद काय, प्रेमाला क्षणभर कळेना. मग कळलं, दिसत होतं ते प्रेमाला. बटण बाहेर होतं. तिने दार किलकिलं करून हात बाहेर काढला, बटण दाबलं आणि कडी लावून घेतली. बाथरूमला खिडकी नव्हती, मिट्ट काळोख झाला. एका हातात मामांचा हात धरून, दुसऱ्याने पाइप चाचपत, प्रेमा नळ शोधत निघाली.