पिंडाचा दोष

मी चष्मा बोलतोय, दिनानाथांचा. अकरा वर्षं त्यांच्या नाकावर काढली, म्हणून सांगतो : वडीलधाऱ्यांना दिसतं कमी आणि कळतं त्याहून कमी.

मुंबईच्या एका दुकानात घडलो, निर्मळ गावातल्या केळीच्या वाडीत आलो. त्रेपन्न साली त्यांच्या सुनेला, लीलाला, अंधुक दिसू लागलं. सकाळी पापण्या फुगलेल्या, पाय सुजलेले. सासरे म्हणाले, "रडून सुजलेत." आणि मला तिच्या नाकावर चढवलं. दुसऱ्याच्या चष्म्यानं आजार पळत असता, तर दुसऱ्याच्या चपलेनं लंगडा धावला असता! नवरा विद्याधर बापासमोर तोंड उघडायचा ते जेवायला.

शेवटी सिप्रियन डॉक्टर आले. डोळ्यांत बॅटरी मारली, रक्तदाब मोजला, लघवी तापवून पाहिली. म्हणाले, "डोळे बिघडलेत ते मूत्रपिंडांमुळे. मीठ बंद करा, मुंबईला न्या. नाहीतर नजर जाईल, मग जीवही. परदेशात तर रक्त धुणारं यंत्र निघालंय."

"रक्त धुतात?" दिनानाथ म्हणाले. "कुठल्या साबणानं?"

डॉक्टरांची पाठ वळताच त्यांनी निकाल दिला, "पिंडाचा दोष म्हणाला ना तो? आजोबांचं श्राद्ध राहिलंय."

तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी भाताचे पिंड मांडले. कावळा शिवेना. दिनानाथ हात जोडून आजोबांना वचनं देऊ लागले, "विहीर उपसतो. विडी सोडतो." कावळा ढिम्म.

लीला पुढे झाली. "मामंजी, म्हणा, सुनेला मुंबईच्या इस्पितळात नेतो."

"आजोबांना तुझं काय पडलंय?"

"म्हणून तर बघा. नाहीतर बसा उपाशी."

बाहेरचा कावळा येईना आणि पोटातले थांबेनात. दिनानाथ पुटपुटले, "नेतो." लीलानं पदराआडून सुकेळीचा, वाळवलेल्या गोड केळ्याचा, तुकडा पिंडावर टाकला. कावळा झेपावला. सासऱ्यांना तुकडा दिसलाच नाही. मी तिच्या नाकावर होतो ना!

पितरांना दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती.

आता मी इस्पितळात, तिच्या उशाशी आहे. डोळ्यांतली सूज उतरतेय म्हणतात. मूत्रपिंडांबद्दल कुणी बोलत नाही. दिनानाथ दर रविवारी येतात आणि विचारतात, "माझा चष्मा कधी देतेस?"

वाचणाऱ्यांनो, पापण्या फुगल्या, दिसेनासं झालं, तर चष्म्याआधी लघवी तपासा. आणि मला त्यांच्याकडे परत पाठवू नका. माझ्यातून त्यांनी केळीच्या पानावरची कीडसुद्धा टिपली. घरातली ही पोरगी तेवढी दिसली नाही.