दुसरं मिनिट कोणी ऐकत नाही

"हा गरुड त्या मुलाला जेवायला नेतोय का?"

तनिषा आणि ईशानी या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून टालियाने भर गॅलरीत, एका चित्रासमोर उभं राहून हा प्रश्न पहारेकऱ्याला विचारला. तो हसला आणि तिच्या गळ्यातल्या माझ्याकडे त्याने बोट दाखवलं. मित्रांनो, मी लंडनमधल्या एका छोट्या गॅलरीतला जुना ऑडिओ गाइड आहे.

नवा होतो तेव्हा मला गळ्यात घालायला रांग लागायची. आता जो तो फोन काढतो. चालायचंच. पण माझा खरा वैताग वेगळाच आहे. माझ्या पोटात प्रत्येक चित्राची दोन मिनिटं आहेत. या चित्राच्या पहिल्या मिनिटात गोष्ट: ग्रीक देवांचा राजा गरुड होतो आणि एका मेंढपाळ मुलाला स्वर्गात नेतो. दुसऱ्यात तिचा अर्थ. आणि तिथे पोचायच्या आतच लोक माझं बटण दाबतात! "काहीतरीच," म्हणतात आणि कॅफेकडे वळतात. अरे, थांबा ना जरा! जन्मभर मी अर्धाच बोललोय.

त्या दिवशीही तेच होणार होतं. टालियाच्या मम्मी-डॅडींना घाई होती. जिन्यात त्यांचं तिच्याशी मराठीत सुरू झालेलं भांडण इंग्रजीत संपलं, त्यातून मला सगळं कळलं. अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबींची, म्हणजे ज्यूंच्या एका प्रेषिताची, तसबीर आजोबांनी मुंबईहून आणली होती. सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, कोणीतरी "मूर्तिपूजा न मानणाऱ्या ज्यूंच्या घरात असली चित्रं?" असं विचारल्यापासून डॅडींना तिची लाज वाटायची. आज ती तसबीर जुन्या वस्तू दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये जाणार होती. टालियाला ती हवी होती, पण का, ते काही केल्या सांगता येत नव्हतं.

"चल, झालं ऐकून," डॅडी म्हणाले.

तिने मला कानाशी आणखी घट्ट धरलं. आणि मी बोललो! तो मुलगा म्हणजे आत्मा. गरुड म्हणजे त्याला वर ओढणारं देवाचं प्रेम. खाली भुंकणारा कुत्रा म्हणजे मागे राहिलेली देहाची भूक. चित्रकार ख्रिस्ती होता, त्या ग्रीक देवांना तो मानतही नव्हता. पण आत्मा काही डोळ्यांना दिसत नाही. तो दाखवायचा, तर दिसणारं काहीतरी काढायलाच हवं ना?

मित्रांनो, माझं मागणं एवढंच, की निम्मं ऐकून कोणाला मोडीत काढू नका.

टालियाने मला कानापासून दूर केलं.

"डॅडी, आपण त्या तसबिरीची पूजा करतो का?"

"नाही गं."

"मग लाज कसली? मम्मी, तू पण ऐक. मी ती देणार नाहीये. ती हॉलमध्येच लागणार, आणि घरी येऊन जो कोणी विचारेल ना, त्याला मी बसवून तिचा अर्थ पूर्ण सांगणार आहे."