अर्धं मिनिट टेकायला

मी घडीचं स्टूल बोलतोय. पिशवी ठेवायची असेल तर खाली ठेवा. माझ्यावर माणसं बसतात.

माझी मालकीण ताई. तिच्या बाबांनी मला बागेत खुरपताना बसायला आणलं होतं. ताईला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू नक्की करणार काय?"

"कंपन्यांना सांगणार, की तुमच्याकडे सगळ्यांना सारखं वागवतात का आणि वागवत नसतील तर काय बदलायचं."

"म्हणजे दुसऱ्यांच्या घरात जाऊन सासूपण करायचं. मग हे घेऊन जा. शहाणपण सांगण्याआधी लोकांशेजारी बसत जा."

ताई हसली, पण आठ वर्षं तिने तेच केलं. आधी गोदामात, पार्किंगच्या कोपऱ्यात माझ्यावर बसायची. साहेबांच्या खोलीत नंतर.

एकदाच चुकली. एका मोठ्या कचेरीत घाईघाईने तिने मला जिन्याशी ठेवलं, सफाईच्या बायकांना सभागृहात बोलावलं आणि मुकादमबाईंच्या देखतच विचारलं, "काही त्रास?" सगळ्या म्हणाल्या, "छान चाललंय." ताईने तसाच अहवाल पाठवून दिला.

मला न्यायला आली, तर जिना पुसणाऱ्या मावशी माझ्यावर टेकलेल्या. त्यांचे गुडघे थरथरत होते, ते मला कळत होतं. चाहूल लागताच त्या ताडकन उठल्या.

"चुकले हो ताई. ड्यूटीवर बसायचं नसतं आम्हाला. कुणाला सांगू नका."

"किती तास उभ्या असता?"

"नऊ. पाय आपलेच आहेत, ऐकतात बिचारे."

दुसऱ्या दिवशी ताई नवा अहवाल घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

"कालचा चांगला होता की, मॅडम."

"चांगला होता, खरा नव्हता. जिन्याजिन्याशी बाकं हवीत आणि बसायची मुभा हवी."

"तक्रार केली कोणी?"

"या स्टुलाने."

साहेब हसले नाहीत. "असं अडून बसलात, तर पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही."

"नाही मिळालं तर नाही. बाकं येईपर्यंत स्टूल मात्र इथेच राहील."

काम खरंच गेलं. मी जिन्याशी राहिलो.

दोन दिवस कुणी जवळ फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमबाई आल्या. आता अडगळीत जाणार, असं वाटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्यावर बसून चप्पल काढली आणि टाच चोळत राहिल्या. समोर मावशी फडकं पिळत होत्या.

"बघताय काय? माझं झालं की तुम्ही बसा."

तेव्हापासून पाळ्या लागल्यात. माझं कापड झोळीसारखं लोंबतंय, एका पायाला दोरी बांधलीय. ताई फोन करून मावशींना माझी खुशाली विचारते.

ताई, मी मजेत आहे, न्यायची घाई करू नकोस. साहेब, तुम्ही मात्र करा. बाकं अजून आलेली नाहीत. मी एकटा आहे आणि जिने सहा आहेत.