आधी सांगितल्याप्रमाणे

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वाटण्या झाल्या आहेत. घराच्या, दागिन्यांच्या, आणि खरं बोलायचं तर आईवडिलांच्याही. या घरातल्या दोन बहिणींनी वाटणी केली ती आईच्या पाककृतींच्या वहीची. तीही भांडणतंटा न होता, अगदी नीटनेटकी. एखादं कडाक्याचं भांडण झालं असतं तर एक वेळ परवडलं असतं.

थोरलीला सगळे ताई म्हणत. ती पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. आई गेल्यावर वही कोणी ठेवायची असा प्रश्न आला, तेव्हा तिने वहीची शिवण उसवली, मधोमध दोन भाग केले आणि दोन्हींना नवे पुठ्ठे चढवले. थोरलेपणाच्या मानाने पहिला अर्धा भाग स्वतः घेतला, दुसरा धाकटीला दिला आणि बाबांना आपल्याकडे राहायला आणलं. नातेवाईकांनी तिच्या समंजसपणाची वाहवा केली. ताईही ती वाहवा बराच काळ पुरवून पुरवून आठवत राहिली.

आपला अर्धा भाग तिने प्लॅस्टिकचं कव्हर घालून कपाटात ठेवला. ओट्याजवळ न्यायची सोय नव्हती. कृती कागदावर उतरवून घ्यायची, जिन्नस काट्यावर तोलायचे आणि मग भांडं चढवायचं, अशी तिची शिस्त. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले की ती म्हणे, "बाबा, तुम्ही बसा हो, ताट तिथेच आणते." बाबा बसत. जेवताना "छान झालंय" म्हणत आणि निम्मं पानात टाकून उठत.

रविवारी मात्र ते धाकटीकडे जात. धाकटी दवाखान्यात एक्स-रे काढायची, आठवड्याला एकच सुट्टी, घर कायम पसरलेलं. आणि तिथून हा माणूस संध्याकाळी शीळ घालत परत येई! आज रस्सा कसा जमला होता, दुसऱ्यांदा कसा मागून घेतला, याचं वर्णन बूट काढता काढताच सुरू होई. ताईच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा तिचा नवरा म्हणाला की घरात काहीतरी जळल्याचा वास येतोय आणि गॅस तर बंद आहे. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

आणि एका रविवारी परत आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून धाकटीकडे राहायला जाईन म्हणतो."

माझ्याकडे काय कमी पडलं, असं तिने विचारलं. कमी काहीच नाही गं, असं ते म्हणाले. हे उत्तर तिला फारच झोंबलं. लोक काय म्हणतील ही काळजी होतीच, पण त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. बापाने धाकटीला निवडलं होतं. आठवडाभर कारखान्यात सुई चालवताना तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. चविष्ट कृती सगळ्या दुसऱ्या भागात असणार. आपल्याच हाताने आपण फसलो.

पुढच्या रविवारी बाबा गेल्यावर तासाभराने तीही निघाली. डबा परत करायचा बहाणा, आणि पर्समध्ये मोबाइल. जमल्यास धाकटीच्या वहीची पानं गुपचूप टिपून घ्यायची, असा बेत.

धाकटीचं दार लोटलेलं होतं. आत बाबा कमरेला टॉवेल खोचून शेगडीपुढे उभे होते आणि धाकटीवर करवादत होते. "कांदा कच्चा आहे अजून. आच वाढवलीस तर वरून करपेल आणि आतून तसाच राहील. हो बाजूला, मी बघतो." धाकटी निमूट बाजूला झाली. आपल्या घरी या माणसाचा आवाज असा चढलेला ताईने कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी तिला धाकटीचा हेवा वाटला, धाकटीच्या कळकट कढईचा वाटला आणि त्या कांद्याचासुद्धा वाटला.

ओट्यावर वहीचा दुसरा भाग उघडा पडला होता. पानांवर तेल, हळद, कडेला बोटांचे ठसे. ताईचं माथं भडकलं.

"काय दशा केलीस आईच्या वहीची! चांगल्या कृती सगळ्या तुझ्याकडे आल्या, आणि त्याची ही किंमत?"

धाकटीने हात पुसले आणि वही तिच्यापुढे सरकवली. "चांगल्या? वाच तरी."

ताई वाचू लागली. आईचं तेच गोल अक्षर. 'मसाला आधी सांगितल्याप्रमाणे भाजून घ्यावा.' पान उलटलं. 'पीठ आधी सांगितल्याप्रमाणे मळून ठेवावं.' पुढे पाकाचंही तेच. अर्धी कृती लिहायची आणि उरलेल्यासाठी आधीच्या पानांकडे बोट दाखवायचं, अशी आईची पद्धत.

"आधी म्हणजे कुठे, ताई?" धाकटी म्हणाली. "आधीचं सगळं तुझ्याकडे. मी तुला विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालीस की ज्याचं त्याने बघावं. मग मी बाबांना विचारलं."

ताईने वही मिटली. जिच्याकडे अर्ध्यामुर्ध्या कृती होत्या तिच्यावर आपण, मसाल्यापासून पिठापर्यंत सगळं जवळ असलेली, इतके महिने जळत होतो!

बाबांनी गॅस बारीक केला. "तुझी आई लिहायची तेव्हा चव बघायला मीच असायचो," ते म्हणाले. "मी नाक मुरडलं की ती ओळ खोडायची. भांडायची आणि खोडायची. तुझ्या घरी मला काही कमी नाही गं. औषध वेळेवर, अंथरूण स्वच्छ. पण मला कोणी काही विचारत नाही. वही कपाटात, मी खुर्चीत. दोघांवरही धुळीचा कण नाही."

"मी जपतच होते ना, बाबा?"

"जपलंस. पण वहीतलं अन्न शिजायला हवं, आणि माणसाने कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवं. ही पोरगी मला मीठ किती ते विचारते. तेवढ्यासाठी मी आठवडाभर रविवारची वाट बघतो."

ताई रडली. आपण बापाला पाहुणा करून ठेवलं, याची तिला मनापासून लाज वाटली. थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "बाबा, घरी चला."

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "जेवायला बोलावतेस की स्वयंपाकाला?"

"स्वयंपाकाला," ताई म्हणाली. "आणि हिलाही घेऊन चला. हिला आधीची पानं वाचायची आहेत."

मंडळी, अशी एखादी वही तुमच्याही घरी असेल. ती कपाटातून बाहेर काढा, तिच्यावर तेल सांडू द्या, बहिणीने मागितली तर वाकडं तोंड न करता द्या. दिल्याने कृती कमी होत नाही. आणि ती वही ज्यांना तोंडपाठ आहे अशी माणसं अजून घरात असतील, तर वहीच्या आधी त्यांना ओट्याशी बोलवा. वहीची दुसरी प्रत निघते, त्यांची निघत नाही.